हाडाला लागणारा वेळ

नडगीवरून बोट फिरवले तर कातडीखाली थेट हाड लागते. मध्ये ना स्नायू, ना चरबीचा धड थर. पायाच्या या नळीची आतली बाजू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अशी जवळजवळ उघडीच असते. म्हणून मोटारसायकल घसरली किंवा ट्रॅक्टरचे चाक पायावरून गेले, की बहुतेक वेळा हेच हाड मोडून कातडी फाडत बाहेर येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. मृतांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. पण जखमींपैकी कितीजणांच्या उघड्या जखमेत माती, डिझेल, शेण गेले, कितीजणांच्या हाडाला पुढे पू धरला, कितीजण गळणारी जखम आणि कुबडी घेऊन वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या चढत आहेत, याची मोजदाद कुठे होत नाही. पुढची पाने त्यांच्याविषयी आहेत, आणि जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी आहेत.

हाडात संसर्ग झाला, त्यामुळे हाडाचा काही भाग मेला, तो काढून टाकावा लागला आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये गॅप पडला, ही या विषयाची अगदी साधी मांडणी. गॅप दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो आपोआप भरून येण्याची आशा मोठ्या माणसात फारशी नसते. अशा पायाचे काय करायचे, हा प्रश्न आला की आपल्याकडे पहिले उत्तर येते ते साधनांच्या अभावाचे. आमच्याकडे मायक्रोस्कोप नाही, प्लास्टिक सर्जन नाही, परदेशी इम्प्लांट परवडत नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. हा अभाव खरा आहे आणि तो रोज सोसणाऱ्यांना तो कमी लेखणारे शब्द ऐकवण्याचा माझा हेतू नाही. तरीही माझे म्हणणे वेगळे आहे. या उपचारातल्या कळीच्या पायऱ्यांना फार महाग साधने लागत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच पायऱ्या टंचाईतच शोधल्या गेल्या. त्यात खरोखर महाग असते ती एकच गोष्ट, वेळ. सुरुवातीचे काही तास आणि नंतरचे कित्येक महिने. आपली रुग्णालये, विमा योजना आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण एका दिवसाच्या शस्त्रक्रियेभोवती बांधलेले आहे. वर्षभर चालणाऱ्या शस्त्रक्रियेला त्यात जागा नाही, आणि पाय जातात ते बहुतांशी या कारणाने.

याची मुळे हाडाच्या जगण्यात आहेत. हाड रक्तावर जगते. आतून मज्जेतून आणि बाहेरून अस्थिआवरणातून त्याला रक्त मिळते. जोराच्या अपघातात हे दोन्ही मार्ग तुटतात आणि मधला तुकडा मरतो. तो पांढरा पडतो, पण जागेवरच राहतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू अशा मेलेल्या पृष्ठभागावर किंवा आपणच बसवलेल्या स्टीलच्या प्लेटवर चिकटतात आणि स्वतःभोवती बायोफिल्मचा चिकट थर तयार करतात. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवून दिले आहे, की हे जंतू आपला आकार बदलून स्वतःपेक्षा अरुंद असलेल्या, हाडाच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांमध्येही शिरतात. अँटिबायोटिक मात्र रक्तातून येते, आणि मेलेल्या हाडात रक्त जात नाही. म्हणजे औषध जिथे पोहोचायला हवे नेमकी तीच जागा त्याला बंद असते. शरीर आपल्या परीने झगडते. मेलेल्या तुकड्याभोवती नव्या हाडाचे कवच उभे करते, पू बाहेर टाकायला कातडीपर्यंत वाट काढते. पायात काटा असेपर्यंत जखम भरत नाही हे शेतात अनवाणी चालणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. इथला काटा हाडाचाच असतो, एवढेच.

हे एवढे उघड असूनही प्रत्यक्षात घडते ते उलट. जखम गळू लागली की गोळ्या सुरू होतात. गोळ्यांनी पंधरा दिवस गळणे थांबते, मग पुन्हा सुरू होते, मग चिठ्ठीवरचे नाव बदलते आणि गोळी आणखी महाग होते. या चक्रात दोन वर्षे सहज जातात. पैसा जातो, जंतू औषधांना निर्ढावतात आणि हाड आणखी खाल्ले जाते. इथे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला उपयोगी आहे. ‘ओविवा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिले सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक दिले आणि निम्म्यांना तोंडाने. वर्षअखेर उपचार फसल्याचे प्रमाण शिरेवाल्यांत १४.६ टक्के होते आणि गोळ्यावाल्यांत १३.२ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. गरीब रुग्णालयासाठी ही मोठी बातमी आहे, कारण सहा आठवडे सलाइन लावून खाट अडवून ठेवण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी होते. पण याच चाचणीचा आधार घेऊन ‘गोळ्यांनी भागते’ असे कोणी म्हणू नये. त्यातल्या बहुतेक रुग्णांवर आधी शस्त्रक्रिया झाली होती. गोळी पुरली ती काटा काढून झाल्यावर.

तो काढण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण बाकी सगळ्याचा निकाल तिथे लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर, साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, म्हणजे नमुन्यात जंतू सापडायची शक्यता वाढते. गळणाऱ्या जखमेच्या तोंडाशी कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यावर विसंबता येत नाही. वर एक जंतू आणि आत दुसराच, असे वारंवार घडते, आणि १९७८ पासून हे छापील पुराव्याने माहीत आहे. म्हणून नमुने आतून घेतात, हाडाचे आणि त्याला लागून असलेल्या मांसाचे, चार-पाच वेगवेगळ्या जागांचे, प्रत्येक नमुन्याला नवीन स्वच्छ चिमटा वापरून. एक नमुना पॅथॉलॉजीला जातो. आपल्या देशात जुन्या गळणाऱ्या जखमेत क्षयरोग निघू शकतो, आणि फार वर्षे वाहणाऱ्या जखमेच्या कडेला कर्करोगही. मग हाड. छिन्नीने पातळ पातळ थर काढत जायचे. मेलेले हाड हस्तिदंतासारखे पांढरे दिसते आणि कोरडे राहते. टूर्निके सोडल्यावर ज्या थरावर बारीक लाल ठिपके उमटतात तिथे हाड जिवंत आहे, तिथे थांबायचे. त्याच्या आधी थांबले तर सहा महिन्यांनी पुन्हा पू. थांबण्याचा मोह मोठा असतो, कारण प्रत्येक थराबरोबर गॅप वाढतो आणि तो भरायचा कसा ही चिंता शल्यविशारदाच्या हातात उतरते. गॅप भरून काढण्याची पद्धत ज्याच्या हाताशी आहे तोच निर्धास्तपणे पुरेसे हाड काढतो. हाड घडवण्याचे कौशल्य आणि साफसफाईचे धैर्य ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे शिकवताना फार कमी वेळा सांगितले जाते.

धुण्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. उघड्या जखमा धुवायला जोराच्या फवाऱ्याचे यंत्र लागते, साबणाचे द्रावण लागते, असे बरीच वर्षे मानले जाई. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत पाच देशांतली केंद्रे होती, त्यांत भारतही होता. उघड्या फ्रॅक्चरच्या सुमारे अडीच हजार रुग्णांत असे दिसले, की फवाऱ्याच्या जोराने काही फरक पडत नाही आणि साबणापेक्षा साधे सलाइन बरे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण साबणाच्या गटात १४.८ टक्के आणि सलाइनच्या गटात ११.६ टक्के होते. सलाइनची बाटली उंच टांगून सोडलेली धार कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाला परवडते.

आता इतिहासाकडे पाहा. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनामध्ये जोसेप त्रुएता या शल्यचिकित्सकाकडे बॉम्बने चिंधड्या झालेले पाय येत होते आणि पेनिसिलिन अजून औषध म्हणून उपलब्ध नव्हते. त्याने मेलेले मांस आणि हाड कापून काढले, जखम न शिवता उघडी ठेवून पॅक केली आणि सगळ्यावर प्लास्टर चढवले. अशा १,०७३ रुग्णांत मृत्यू सहा, असा अहवाल त्याने दिला. पश्चिम सैबेरियातल्या कुर्गान प्रांतात गाव्रिल इलिझारोव्ह दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे न जुळलेले, पू झालेले पाय पाहत होता. मॉस्कोपासून दूर, साधनांची ददात असलेल्या त्या भागात १९५० च्या सुमारास त्याने गोल कड्या आणि ताणलेल्या तारांची चौकट उभी केली. पश्चिम युरोपला तिची खरी ओळख झाली ती १९८१ मध्ये, इटालियन साहसी प्रवासी कार्लो माउरी याचा वर्षानुवर्षे बरा न झालेला पाय कुर्गानमध्ये सुधारल्यानंतर. कॅनडातल्या पापिनो याची पद्धत तर आणखी साधी. पोकळी कमरेच्या हाडाच्या किसाने भरायची, वर कातडी न लावता ओल्या ड्रेसिंगने जपायची आणि हळूहळू ती भरून येऊ द्यायची. फ्रान्सच्या आलँ मास्कले याने १९८६ पासून एक निराळी वाट धरली. साफ केलेल्या पोकळीत हाडाच्या सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेले पातळ आवरण तयार होते, मग ते उघडून सिमेंट काढायचे आणि त्याच पिशवीत रुग्णाच्या कमरेचे हाड किसून भरायचे. २००० साली त्याने ३५ रुग्णांचा अहवाल दिला, त्यांतले गॅप ४ पासून २५ सेंटिमीटरपर्यंतचे होते. यांतल्या एकाही पद्धतीला रोबो किंवा जनुकीय तंत्रज्ञान लागत नाही. अशा पद्धती गरीब देशांत वापरणे म्हणजे ‘दुय्यम प्रतीचे उपचार’, असे म्हणणाऱ्यांनी त्या कुठे आणि कशा जन्मल्या ते पाहावे.

इलिझारोव्हचा शोध चौकटीत नाही, वेगात आहे. निरोगी जागी हाड हलक्या हाताने कापायचे, साधारण आठवडाभर थांबायचे आणि मग ती दोन टोके दिवसाला एक मिलिमीटर या गतीने दूर न्यायची, तेही एकदम न नेता पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. या गतीने मधल्या जागेत नवे हाड तयार होते. वेग वाढला तर तिथे नुसते तंतू उरतात, फार कमी झाला तर हाड वेळेआधीच जुळून बसते. त्या हलणाऱ्या तुकड्यामागे नवे हाड उगवत जाते आणि तुकडा सरकत सरकत गॅपच्या दुसऱ्या टोकाला भिडतो. पाव मिलिमीटरचे हे काम सर्जन करत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी छोटा पाना घेऊन नट फिरवतो तो रुग्ण, नाहीतर त्याची बायको, आई, शाळेत जाणारा मुलगा. सहा सेंटिमीटरच्या गॅपसाठी साठ दिवस सरकवणे, त्यानंतर ते कोवळे हाड घट्ट होण्याची वाट पाहणे, आणि टोके भिडली तिथे गरज लागल्यास थोडे हाड भरणे. चौकट पायावर आठ-दहा महिने राहते. तारा कातडीतून जिथे आत जातात त्या जागा रोज साफ कराव्या लागतात. भारतात यासाठी एका बाजूने बसवायचा रेल फिक्सेटर बराच वापरला जातो. तो कड्यांपेक्षा सुटसुटीत आणि देशात बनलेला असल्याने तुलनेने स्वस्त आहे. पण महिन्यांचा हिशोब त्यानेही फारसा बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की गरीब माणसाला वर्षभर अडकवण्यापेक्षा पाय कापून जयपूर फूट लावणे अधिक प्रामाणिकपणाचे. हा आक्षेप हलका नाही. अमेरिकेतल्या ट्रॉमा सेंटरमधल्या रुग्णांचा ‘लीप’ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि दोन वर्षांनंतर पाय वाचवलेल्यांचे आणि पाय कापलेल्यांचे जगणे साधारण सारखेच मर्यादित होते, असे त्यात दिसले. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये घडवलेल्या जयपूर फूटने असंख्य माणसांना उकिडवे बसणे आणि चिखलात चालणे परत दिले. रक्तपुरवठा तासन्‌तास तुटलेला असेल, पाऊल चिरडलेले असेल, किंवा रुग्णाची प्रकृती इतकी खालावलेली असेल की उपचारच आजारापेक्षा जड जावेत, तर पाय कापणे हाच उपचार आहे, आणि तो वेळेवर आणि नीट व्हायला हवा. पण ‘लीप’चीच दुसरी आकडेमोड २००७ मध्ये आली. आयुष्यभराचा अंदाजी वैद्यकीय खर्च पाय कापलेल्यांसाठी ५,०९,२७५ डॉलर आणि पाय वाचवलेल्यांसाठी १,६३,२८२ डॉलर निघाला. कृत्रिम पाय झिजतो, बदलावा लागतो, सॉकेट ढिले होते. आपल्याकडे ही रक्कम लहान असेल, पण ती दर काही वर्षांनी येत राहणार आणि तीही खेड्यातून शहरात जाऊन भरायची. तेव्हा ‘कापणे स्वस्त’ हे विधान पहिल्या वर्षापुरते खरे आहे. तीस वर्षांच्या मजुरासाठी हिशोब पुढच्या तीस वर्षांचा करायला हवा. आणि तो त्याला समजेल अशा भाषेत, दोन्ही बाजू पुढे ठेवून, त्याच्याबरोबर बसून करायला हवा.

दुसरा आक्षेप असा, की ही कामे मोठ्या केंद्राची आहेत, छोट्या रुग्णालयाने त्यात पडूच नये. अर्धे मान्य. हाड सरकवणे जो शिकलेला नाही त्याने ते सुरू करू नये. पण हाडात गॅप पडणार की नाही हे बरेचदा पहिल्या दिवशी, पहिल्या रुग्णालयातच ठरलेले असते. १९७४ मधल्या पात्झाकिस यांच्या अभ्यासात उघड्या फ्रॅक्चरच्या ज्या रुग्णांना अँटिबायोटिक मिळाले नाही त्यांच्यात संसर्ग १३.९ टक्के झाला, आणि ज्यांना साधे सेफॅलोस्पोरिन मिळाले त्यांच्यात २.३ टक्के. हे इंजेक्शन आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही असू शकते. ते पहिल्या तासात द्यावे, रुग्णवाहिकेत बसवण्याआधी द्यावे. ल्युब्ल्यानाच्या मार्को गोदिना याच्या १९८६ मधल्या ५३२ रुग्णांच्या मालिकेत ७२ तासांच्या आत जिवंत मांसाने झाकलेल्या जखमांत संसर्ग १.५ टक्के होता, आणि ७२ तास ते तीन महिने या काळात झाकलेल्यांत १७.५ टक्के. गोदिनाकडे मायक्रोस्कोप होता हे खरे. पण नडगीच्या वरच्या आणि मधल्या भागावर पोटरीचा स्नायू फिरवून आणता येतो, आणि खालच्या भागासाठी पोटरीच्या मागून उलटा फिरवलेला कातडीचा तुकडा चालतो. त्याला डोळ्यावरचे भिंग आणि शिकलेला हात पुरतो. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये हाडाचे आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर अपघाताचा रुग्ण पहिल्याच दिवशी एकत्र पाहतात. पाय वाचवायचा की नाही हे ठरवायला त्यांनी २००६ मध्ये स्वतःची गुणपद्धती मांडली, आणि ती भारतीय रुग्णांवरून तयार झाली. या पद्धतीतली एकत्र पाहण्याची शिस्त कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला उचलता येईल, त्यासाठी नवी इमारत लागत नाही. छोट्या रुग्णालयाने काय टाळावे हेही तितकेच महत्त्वाचे. घाणीने भरलेल्या जखमेत प्लेट बसवून वरून ताणून टाके घालणे, हे आजही होते आणि त्यातूनच कितीतरी गॅप जन्मतात.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. हाड सरकवणे आणि मास्कले यांची तुलना करणारा पुरावा मुख्यतः एकेका रुग्णालयाच्या रुग्णमालिकांवर उभा आहे आणि अशा मालिकांत यश मोठे दिसते, कारण मध्येच सोडून गेलेले रुग्ण मोजले जात नाहीत. हे मला मान्य आहे. म्हणून या दोन पद्धतींपैकी एक श्रेष्ठ असा दावा मी करणार नाही. मास्कलेला दोन शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे पुष्कळ हाड लागते, पण रुग्णाला रोज काही फिरवावे लागत नाही. इलिझारोव्हला बाहेरचे हाड फारसे लागत नाही, पण रुग्ण जवळ असावा लागतो. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून येणाऱ्याला, ज्याचा फोन पावसाळ्यात लागत नाही, त्याला कोणती द्यावी हे या गोष्टीवरून ठरते. मात्र पुरावा कमी आहे म्हणून गरीब देशांनी थांबून राहावे, हे मी मानत नाही. टांझानियात दार-ए-सलामच्या मुहिंबिली ऑर्थोपेडिक इन्स्टिट्यूटमध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये सळई टाकावी की बाहेरून फिक्सेटर लावावा यावर चिठ्ठ्या टाकून नीट चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. गर्दीच्या सरकारी रुग्णालयातही असे काम होऊ शकते. श्रीमंत देशांतला पुरावाही कधी गरिबांच्या बाजूने निघतो. ब्रिटनमधल्या ४६० रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत गंभीर उघड्या फ्रॅक्चरवर व्हॅक्यूम ड्रेसिंग लावून वर्षभरानंतरच्या अपंगत्वात साध्या ड्रेसिंगपेक्षा काही फरक दिसला नाही.

पोकळीत ठेवण्यासाठी हाताने केलेल्या अँटिबायोटिकच्या मण्यांबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. सिमेंटच्या ४० ग्रॅमच्या पुडीत व्हॅन्कोमायसिनची किंवा जेंटामायसिनची पावडर मिसळायची, मळून शेंगदाण्याएवढे मणी करायचे आणि तारेत ओवून पोकळीत ठेवायचे, हे अनेक ठिकाणी चालते, कारण तयार मणी महाग असतात. त्याने पोकळीत औषधाची मात्रा रक्तापेक्षा कितीतरी जास्त मिळते. पण सिमेंट घट्ट होताना तापते आणि सगळी अँटिबायोटिके ती उष्णता सोसत नाहीत. इंजेक्शनचे द्रव जेंटामायसिन ओतले तर सिमेंट नीट बसत नाही. औषध बाहेर पडण्याचे प्रमाणही दर वेळी सारखे नसते. १८९२ मध्ये ड्रेसमन याने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या. शुद्ध केलेले तेच द्रव्य आज अँटिबायोटिकसह वापरतात आणि ते विरघळून जात असल्याने काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. यांतले काहीही वापरा, ते साफसफाईची जागा घेत नाही.

आता पैशाकडे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांनी गरिबांसाठी शस्त्रक्रियेचे दार उघडले. तिचे मोल मोठे आहे आणि ते अमान्य करणारी टीका मला पटत नाही. पण पॅकेज हे एका शस्त्रक्रियेभोवती, एका भरतीभोवती बांधलेले असते. हाड सरकवताना मुख्य काम सुट्टी दिल्यानंतर सुरू होते. दर पंधरा दिवसांनी एक्स-रे, तारांच्या जागेचे ड्रेसिंग, सैल झालेला नट, एखादी तुटलेली तार, येण्याजाण्याचे भाडे. आणि सगळ्यांत मोठा खर्च ज्याची पावतीच नसते तो, म्हणजे कमावत्या माणसाची वर्षाची मजुरी. याला पैसा पुरवणारे खाते नसले की रुग्ण सहाव्या महिन्यात येईनासा होतो, चौकट गंजते, आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘रुग्ण उपचार सोडून गेला’ अशी नोंद होते. काही वेळा तो हाडवैद्याकडे जातो. हाडवैद्याला नावे ठेवण्याआधी इतके लक्षात घ्यावे, की तो गावातच असतो आणि पुन्हा यायला सांगितले तर जाता येते. पाय वाचवण्यासाठी पैसे द्यायचे तर ते एका पायासाठी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यावे लागतील, आणि त्यात रुग्णालयाजवळ राहण्याची साधी सोय, भाडे आणि मजुरीची थोडी भरपाई धरावी लागेल. पुन्हा पुन्हा फसलेल्या शस्त्रक्रियांवर आज होणारा खर्च मोजला तर ही मागणी चैनीची वाटणार नाही.

शरीराच्या तयारीलाही वेळ लागतो. चर्नी आणि मेडर यांनी १९८५ मध्ये हाडाच्या संसर्गाची जी वर्गवारी केली तिच्यात हाडाच्या शेजारीच माणसाला जागा दिली, म्हणजे मधुमेह, कुपोषण, रक्ताभिसरण, व्यसन. आपल्याकडे बिडीबद्दल विचारतात, पण बाईला मिश्रीबद्दल विचारायचे राहून जाते, आणि निकोटिन दोन्हींतून जाते. रक्त आठ ग्रॅम आणि साखर तीनशे असताना केलेली सुंदर शस्त्रक्रिया फसते. शस्त्रक्रियेआधीचे तीन-चार आठवडे अंडी, डाळ, लोह आणि इन्सुलिन यांना दिले तर ते वाया जात नाहीत.

मुलांचे प्रकरण मी मुद्दाम वेगळे ठेवले आहे. त्यांच्यात संसर्ग बहुधा जखमेतून न येता रक्तातून हाडात पोहोचतो. ताप, लंगडणे, हात लावू न देणे यांवर पहिल्या काही दिवसांत ओळख पटली आणि उपचार मिळाले तर हाड मरतही नाही. उशीर झालाच तरी मुलाचे अस्थिआवरण विलक्षण ताकदीचे असते. मेलेला तुकडा काढण्याची घाई केली तर पाय आधाराविना राहतो. नव्या हाडाचे कवच पुरेसे जाड होईपर्यंत, प्लास्टरच्या आधाराने, थांबावे लागते. नडगीचे बरेच हाड गेलेच तर शेजारचे बारीक हाड तिच्या जागी आणून बसवण्याची जुनी शस्त्रक्रिया अजून उपयोगी पडते आणि पुढे ते हाड वजन घेत घेत जाड होते.

पुढील प्रकरणे शस्त्रक्रियेच्या क्रमाने लावली आहेत, पहिल्या तासापासून चौकट उतरवण्यापर्यंत. शेवटचे प्रकरण नोंदवहीचे आहे आणि ते वगळू नये अशी विनंती आहे. गॅप किती सेंटिमीटरचा, नमुन्यात कोणता जंतू, हाड किती महिन्यांत जुळले, रुग्ण कामावर कधी परतला आणि मध्येच आला नाही तर का, एवढे रकाने पुरेत. गळणे थांबले म्हणून ‘बरा’ असे लिहू नये. हाडातला संसर्ग कित्येक वर्षे गप्प राहून पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून निदान दोन वर्षे झाल्याशिवाय तो रकाना भरू नये, आणि नंतरही रुग्णाचा पत्ता जपून ठेवावा.